वाटेतल्यालाही वाटेकरी करा : मराठवाड्यातील आठ खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार महोदय,

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठही मतदारसंघांच्या खासदारांना हे पत्र एकत्रच लिहितो आहे. तुमचे पक्ष वेगवेगळे आहेत, पण या विषयात पक्ष आड येण्याचं काही कारण नाही. एका देशातला गॅस दुसऱ्या देशाच्या जमिनीवरून तिसऱ्या देशाकडे जातो, तेव्हा त्या तिघांनी एकमेकांशी कसं वागायचं, हा तो विषय. अंबड तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसानं यावर का लिहावं, ते आधी सांगतो.

युरिया गॅसपासून होतो. देशातले जवळपास सगळे युरिया कारखाने नैसर्गिक वायूवर चालतात आणि युरियाच्या उत्पादन खर्चात सर्वात मोठा वाटा गॅसचाच असतो. आपण वापरतो त्यातला निम्म्याच्या आसपास गॅस परदेशातून, द्रवरूपात, जहाजानं येतो. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण वरचा सगळा बोजा केंद्र सरकार अनुदानातून उचलतं. त्यामुळे जगात गॅस महागला तरी गोणीच्या भावावरून ते शेतकऱ्याला कळत नाही. त्याला कळते ती टंचाई. जुलैत पाऊस उघडून वाफसा झाला की कपाशी आणि मक्यावाले सगळे एकाच दिवशी दुकानात येतात. पॉस मशीनवर अंगठा लावायचा असतो. खुरपणी करून आलेल्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा मशीन ओळखत नाही. ती पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते, मशीन पुन्हा नाही म्हणतं, आणि मागची रांग कुरकुरत असते. तेवढ्यात गोण्या संपतात. घाऊक विक्रेता युरिया देताना सोबत दुसरी, न खपणारी खतं माथी मारतो, त्याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. शेतकरी मला बोलतो, मी घाऊकवाल्याला बोलतो, तो कंपनीकडे बोट दाखवतो. पण कारखान्याला गॅस कुठून येतो, कोणाच्या दारावरून येतो, हे विचारायला कोणी जात नाही. ते विचारण्याची जागा संसद आहे, आणि तिथं आमच्या वतीनं तुम्ही बसता.

२०२२ साली काय झालं ते आठवा. गेल या आपल्या सरकारी कंपनीनं २०१२ मध्ये गाझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या विक्री कंपनीशी २० वर्षांचा करार केला होता, वर्षाला सुमारे २५ लाख टन द्रवरूप गॅसचा. युक्रेनवर हल्ला झाला, युरोप आणि रशियाचं फाटलं, त्या विक्री कंपनीची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारनं ताब्यात घेतली, रशियानं तिच्यावर निर्बंध घातले आणि आपली जहाजं थांबली. गेलनं खत कारखान्यांसह आपल्या ग्राहकांचा गॅस कमी केला. बाजारातून घ्यावा तर युरोपातले भाव ऑगस्ट २०२२ मध्ये आधीच्या शांत वर्षांच्या दहापटीच्याही वर गेलेले. पाकिस्तानच्या निविदांना कोणी बोलीच लावेना. बांगलादेशात भारनियमन सुरू झालं. पुढे लवाद झाला, जानेवारी २०२५ मध्ये २८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोडही झाली. पण खरिपात न आलेलं खत तडजोडीच्या पैशातून परत पिकाला घालता येत नाही.

म्हणून युक्रेनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती आपल्या उपयोगाची आहे.

सोव्हिएत काळात सैबेरियातून युरोपकडे ज्या मोठ्या वाहिन्या टाकल्या, त्या युक्रेनमधून गेल्या. तेव्हा तो एकच देश होता. १९९१ नंतर विकणारा रशिया, वाट देणारा युक्रेन आणि घेणारे स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, मोल्दोव्हा असे वेगळे झाले. करार मात्र जोडीजोडीनं होत राहिले. रशिया आणि युक्रेनचा एक, रशिया आणि घेणाऱ्या प्रत्येक देशाचा दुसरा. तिघं एका टेबलावर बसले, एका कागदावर सह्या केल्या, असं झालंच नाही. २००६ मध्ये तीन-चार दिवसांची ओढाताण झाली. जानेवारी २००९ मध्ये तर ७ ते २० तारखेपर्यंत युक्रेनमार्गे युरोपला जाणारा गॅस पूर्ण बंद पडला, तोही ऐन थंडीत. बल्गेरियाचा जवळपास सगळा गॅस त्या एकाच वाटेनं यायचा; तिथल्या शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. स्लोव्हाकियानं आणीबाणी जाहीर केली.

भांडण कशावरून होतं? थकबाकी, भाव, वाहतुकीचं भाडं, आणि एक अगदी बारीक मुद्दा. वाहिनीतला गॅस पुढे ढकलायला ठरावीक अंतरावर कॉम्प्रेसर असतात आणि ते गॅसवरच चालतात. तो गॅस कोणी द्यायचा? रशिया म्हणे, तुम्ही वाटेत चोरता. युक्रेन म्हणे, तुमचाच माल पुढे ढकलायला लागतो, तो तुम्ही द्या. शेवटी युरोपीय संघाला मोजमाप केंद्रांवर आपले निरीक्षक पाठवावे लागले.

महोदय, हे वाचताना मला नगर-नाशिकहून जायकवाडीला सोडलेलं पाणी आठवतं, आणि तुम्हालाही आठवेल. आमचा तालुका पैठणच्या डाव्या कालव्यावर आहे. वरून पाणी सुटलं की किती सोडलं आणि नाथसागरात किती पोचलं, यावर तेच दोन सूर लागतात. मधल्या काठावरच्या मोटारी चालू नयेत म्हणून वीज बंद ठेवतात, वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरणारं पाणी, किती धरायचा यावर अभियंते वाद घालतात, वरचे म्हणतात आमचं पीक जळतं, खालचे म्हणतात आमचा हक्क. पण आपल्याकडे एक गोष्ट झाली, ती युरोपात झाली नव्हती. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं आणि २०१४ च्या आदेशानं तारीख आणि आकडा ठरला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या हिशोबानं तूट असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्येही आदेश निघून पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला, आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले, हे खरं. तरी दाद मागायला एक कागद होता. तो नसता तर दरवर्षी मंत्र्यांच्या मर्जीवर बसावं लागलं असतं. या कागदासाठी मराठवाड्यानं किती वर्षं भांडण केलं ते तुम्ही जाणता. म्हणून गॅसच्या वाटेबद्दल बोलायचा अधिकार दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाइतकाच मराठवाड्याच्या खासदारांना आहे, असं मला वाटतं.

युरोपात गॅसच्या वाटेसाठी नियम नव्हताच असं नाही. १९९४ चा ऊर्जा सनद करार होता आणि त्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की वाटेवरून वाद झाला तर वाद मिटवण्याची ठरलेली पद्धत पूर्ण होईपर्यंत वाट देणाऱ्या देशानं प्रवाह तोडायचा नाही. पण रशियानं त्या करारावर सही करूनही तो संसदेत मंजूर केला नाही. विकणाराच बाहेर राहिला तर वाटेतल्यानं आणि घेणाऱ्यानं पाळून काय उपयोग.

२००९ नंतर युरोप शहाणा झाला, पण अर्धाच. घेणारे देश एकमेकांना गॅस देऊ शकतील अशा उलट्या दिशेच्या सोयी उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१४ पासून स्लोव्हाकियाकडून युक्रेनलाच उलटा गॅस जाऊ लागला आणि त्याच्या बळावर युक्रेननं २०१५ च्या शेवटी रशियाकडून थेट खरेदी थांबवली. पश्चिम युक्रेनमधल्या जमिनीखालच्या साठवण जागा सुमारे ३० अब्ज घनमीटरच्या आहेत, युरोपात सर्वांत मोठ्या. तिथं शेजारी देशांचे व्यापारीही उन्हाळ्यात गॅस ठेवू लागले. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. वाट देणारा देश नुसतं भाडं घेणारा राहिला नाही, शेजाऱ्यांचं कोठार झाला.

अर्धाच शहाणा म्हणतो ते यासाठी. डिसेंबर २०१९ मध्ये रशिया-युक्रेनचा पाच वर्षांचा शेवटचा वाहतूक करार झाला : २०२० साठी ६५ अब्ज घनमीटर, पुढच्या चार वर्षांसाठी दरसाल ४० अब्ज. युद्ध सुरू झाल्यावरही, तोफा चालू असताना, त्या वाहिनीतून गॅस वाहत राहिला. १ जानेवारी २०२५ ला करार संपला आणि वाट बंद झाली. आपल्यावर चाल करून आलेल्याला उत्पन्न मिळवून द्यायचं नाही हा युक्रेनचा निर्णय मला समजतो, त्याला मी दोष देत नाही. पण तारीख पाच वर्षं आधीपासून माहीत होती. तरी त्या दिवशी ट्रान्सनिस्ट्रियात, मोल्दोव्हापासून तुटलेल्या त्या पट्ट्यात, घरांचं गरम पाणी आणि उष्णता बंद झाली, अन्नाचे सोडून बाकी कारखाने थांबले. स्लोव्हाकियाचे पंतप्रधान युक्रेनची वीज तोडण्याची भाषा करू लागले. मोल्दोव्हा मोठ्या संकटातून सावरला, कारण रुमानियाकडून आलेली गॅसवाहिनी आणि वीज दोन्ही हाताशी होत्या. ज्याच्याकडे शेजाऱ्याची दुसरी वाट होती तो तगला.

आता आपल्या अंगणात या.

जानेवारी २००५ मध्ये यांगूनला म्यानमार, बांगलादेश आणि भारत यांचे ऊर्जामंत्री बसले. म्यानमारच्या समुद्रातल्या श्वे क्षेत्राचा गॅस बांगलादेशमार्गे भारतात आणायचं तत्त्वतः ठरलं. त्या क्षेत्रात आपल्या ओएनजीसी विदेश आणि गेल या दोन्ही कंपन्यांची भागीदारी होती. म्हणजे गॅस काही प्रमाणात आपलाच, वाट शेजाऱ्याची. बांगलादेशानं तीन गोष्टी मागितल्या : नेपाळ आणि भूतानची जलविद्युत भारताच्या तारांवरून आम्हाला आणू द्या, त्या दोन देशांशी व्यापाराला वाट द्या, आणि आपल्या व्यापारातली तूट कमी करायला मदत करा. आपण म्हटलं, हे विषय वेगळे, गॅसशी जोडू नका, दोघांपुरते नंतर बोलू. बोलणं लांबलं. म्यानमारनं गॅस चीनला विकला आणि २०१३ पासून तो म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या क्यौकफ्यूहून चीनच्या युनान प्रांताकडे वाहतो आहे.

बांगलादेशाची पहिली मागणी अवाजवी होती का? नव्हती, आणि हे आपणच नंतर सिद्ध केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॉट वीज मुझफ्फरपूरवरून बांगलादेशात पोचली. दर ठरला युनिटमागे ६.४० अमेरिकी सेंट, हंगाम ठरला १५ जून ते १५ नोव्हेंबर, मोजमाप कुठं करायचं तेही ठरलं. तीन देश, एक कागद. जे २००५ मध्ये देता आलं असतं ते देता देता जवळपास वीस वर्षं गेली, आणि तोवर गॅस गेला. आज बांगलादेशही जहाजानं गॅस आणतो, आपणही आणतो, दोघंही त्याच बाजारात उभे राहून एकमेकांवर बोली चढवतो.

नेपाळचा धडाही लक्षात घ्या. सप्टेंबर २०१५ पासून सीमेवर जी कोंडी झाली, ती कोणी केली यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे आणि मी त्यात शिरत नाही. परिणाम मात्र सर्वांसमोर आहे. काठमांडूत सिलिंडरसाठी रांगा लागल्या, लोकांनी चुली पेटवल्या, आणि मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी वाहतूक करार केला. वाट अडली की शेजारी दुसरी वाट शोधतो, मग ती हिमालयातून असली तरी. याच्या उलट २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली आणि टँकरच्या रांगांचा प्रश्न बराच हलका झाला. मार्च २०२३ मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्वतीपूरपर्यंत डिझेलची १३१.५ किलोमीटरची वाहिनी आली, वर्षाला १० लाख टन क्षमतेची. पुढे दोन्ही देशांत राजकीय ताण आला तरी ती वाहिनी जमिनीत आहे.

इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीतून आपण केव्हाच बाहेर पडलो. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाझिल्कापर्यंत यायची तापी वाहिनी, सुमारे १,८०० किलोमीटर लांब आणि वर्षाला ३३ अब्ज घनमीटरची, तिची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, पण आपल्यापर्यंत गॅस आलेला नाही. सीमेवर गोळ्या झडत असताना त्या दोन वाटांवर आशा ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं पूर्वेकडच्या शेजाऱ्यांबद्दल आहे. तिथं भारत आता घेणारा कमी आणि वाट देणारा जास्त होतो आहे. ही भूमिका आपल्याला नवी आहे. नेपाळ, भूतानची वीज बांगलादेशाला जायची तर आपल्या तारांवरून जाणार. उद्या आपल्या बंदरावर उतरलेला गॅस बांगलादेश किंवा नेपाळला जायचा तर आपल्या वाहिनीतून जाणार. आपण त्यांच्याशी कसं वागतो, यावर परवा आपल्याला म्यानमारच्या बाजूनं काही हवं असेल तेव्हा ते कसे वागतील हे ठरेल.

नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत ऊर्जा सहकार्याचा आराखडा करार झाला. त्यात वीज आहे, तारांचा भेदभावाविना वापर आहे. गॅस नाही, तेलवाहिन्या नाहीत. सार्क सध्या थंड पडलं आहे हे मलाही दिसतं, पण भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश एवढ्या चौघांना असा गॅस-तेलाचा करार करायला कोणी अडवलेलं नाही. त्यात वाहतुकीचं भाडं कसं ठरणार ते लिहा. मोजमाप सीमेच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि वाटेतली तूट कोणाच्या खाती, तेही. वाद चालू असताना प्रवाह तुटणार नाही हे कलम घाला आणि ते आपल्यालाही बांधील ठेवा. करार संपायच्या किमान दोन वर्षं आधी पुढचं बोलणं सुरू करायची अट घाला. साठवण एकत्र करा : कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला मिळून ५३.३ लाख टनांची भूमिगत कोठारं आपण बांधली, गॅससाठी तसं मोठं कोठार नाही. ते बांधताना शेजाऱ्यांनाही भाडं घेऊन जागा दिली तर खर्चही वाटला जाईल आणि संबंधही घट्ट होतील.

हे सगळं दूरच्या सीमांवरचं वाटेल, म्हणून घरचा एक मुद्दा. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेनं वैजापूर, संभाजीनगर, जालना करत विदर्भाकडे जाते. म्हणजे देशाच्या आत आपणही वाट देणारे आहोत. जिथं वाहिनी शेतातून जाते तिथं १९६२ च्या कायद्यानं सरकार जमिनीच्या वापराचा हक्क घेतं. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं नुकसान. त्या पट्ट्यात पुढे विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही, बांधकाम करता येत नाही. शेतकरी ते मान्य करतो, कारण काम देशाचं आहे. पण जालन्याच्या सळई कारखान्यांच्या भट्ट्यांना, वाळूज आणि शेंद्र्याच्या उद्योगांना, आणि वाहिनीलगतच्या गावांतल्या चुलीला त्यातला गॅस आधी मिळायला हवा. वाहिनी ज्यांच्या दारावरून जाते त्यांना फक्त खांबावरची धोक्याची सूचना वाचायला मिळावी, हे मला मंजूर नाही. ढाक्याला दिलेला वाटा आणि जालन्याला दिलेला वाटा यांचं तत्त्व एकच आहे, आणि जे सरकार एक मान्य करतं त्याला दुसरं नाकारता येणार नाही.

तुम्ही आठ जण मिळून येत्या अधिवेशनात दोन तारांकित प्रश्न विचारावेत, एवढी माझी मागणी आहे. एक पेट्रोलियम मंत्रालयाला : शेजारी देशांसोबत गॅस आणि तेलवाहिन्यांच्या वाहतुकीसाठी बहुपक्षीय आराखडा करार करण्याचा प्रस्ताव आहे का, असल्यास कोणत्या टप्प्यावर, आणि नसल्यास का नाही. दुसरा त्याच मंत्रालयाला : समृद्धीलगतच्या वाहिनीतून मराठवाड्यात कुठं कुठं जोड दिले जाणार, कोणत्या तारखेपर्यंत. प्रश्नकाळात नंबर लागला नाही तर लेखी उत्तर घ्या, आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायूच्या स्थायी समितीकडे स्वतंत्र निवेदन द्या, आठही सह्यांचं. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर इकडचे प्राध्यापक, अभियंते, कारखानदार बसायला तयार होतील. माझ्या दुकानामागच्या खोलीत बैठक घ्यायची झाली तर चहापाण्याची व्यवस्था मी करतो. खरिपाच्या आत उत्तर आलं तर बरं.

आपला विश्वासू,
एक कृषी सेवा केंद्र चालक
ता. अंबड, जि. जालना